पाणीवाल्या गेमचा दहावा खेळाडू

संपादक म्हणले, नोकरीतले अनुभव लिहा, पण जन्मापासून सुरू करू नका. बरं झालं, कारण जन्मापासून नोकरीपर्यंत माझ्या आयुष्यात विशेष काही झालेलं न्हाई. बी.कॉम. झाले, कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि गावातल्याच सोसायटीत ऑपरेटर म्हणून लागले. गाव उमापूरच्या पलीकडं. वय सव्वीस. आमचे सचिव म्हणले, दिवाळी अंकात अनुभव लिहायला हे वय कमी पडतंय. पण ज्या कामात मी सहा वर्षं घातली, त्याचा अनुभव गेवराई तालुक्यात माझ्याइतका दुसऱ्या कुणाला असंल असं मला वाटत न्हाई. ते काम म्हणजे, ज्या व्हिडिओ गेमकडं कुणी बघत न्हाई त्याला खेळणारं माणूस शोधणं.

सोसायटी म्हणजे गावची सेवा सोसायटी. शेतकरी सभासद, त्यातून निवडलेले बारा संचालक, त्यातलाच एक चेअरमन. खत, बी-बियाणं, असला कारभार. सगळं ऑनलाईन होणार म्हणून सोसायटीला तीन कॉम्प्युटर आले. त्यात टाकायचं सॉफ्टवेअर मागून येणार होतं. ते अजून यायचंय. मी लागले त्याच वर्षापासून पावसानं दडी मारायला सुरुवात केली. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध न्हाई, पण तात्यांनी, म्हणजे आमच्या एका संचालकांनी, तो भर ऑफिसात लावून दाखवलाय. पेरणीच न्हाई तर खत कोण नेणार? गोडाऊनला कुलूप, आणि मी तीन बंद स्क्रीनसमोर बसून त्यात माझंच तोंड बघायचे.

एक दिवस चेअरमन बप्पा दारात येऊन उभे राहिले. बप्पा म्हणजे धोतर, टोपी आणि चौदा-पंधरा वर्षांची चेअरमनकी.

"काय करायलीस गं?"

"काही न्हाई बप्पा."

"मशीन बंद ठिवली की जाम होती. मोटारीचं तसंच असतंय. रोज चालवत जा."

सोसायटीच्या गेम सेंटरची स्थापना ही अशी झाली. आदेश तोंडी होता, पण मी तो अक्षरशः पाळला.

आता बाहेरच्या माणसाला ह्या धंद्यातलं एक सांगायला पाहिजे. चांगला गेम आणि चालणारा गेम ह्या दोन वेगळ्या जाती हायेत. बियाण्याचं बघा. ज्याची पिशवी चकचकीत ते आधी संपतं, आणि मळक्या पिशवीतलं, जे खडकावर पण उगवतं, ते गोडाऊनच्या तळाशी पडून राहतं. गेमचं तसंच. पहिल्या मशीनवर गाड्यांची रेस. दुसऱ्यावर बंदुका. ह्या दोन मशीनपुढं पोरांची रांग. मोबाईल सगळ्यांकडं हाय, पण मोठ्या स्क्रीनवर माणूस मारायची मजा वेगळी असं ती म्हणतात. तिसऱ्या मशीनवर मी माझ्या पसंतीचे गेम टाकायचे. तिथं रांग नसायची. तिथं मीच बसायचे.

पण तिसऱ्या मशीनला जी गिऱ्हाईकं मिळाली तसली पहिल्या दोनला सात जन्मात मिळायची न्हाईत.

एक म्हणजे सलीमभाई. सरकारी टँकर पुरंना म्हणून सोसायटीनं ठराव करून आपला एक टँकर लावला, त्याचे हे ड्रायव्हर. गोदावरीकडच्या एका विहिरीवरून दिवसभर खेपा करायचे, आणि खेपा संपल्या की माझ्याकडं येऊन ट्रक चालवायचे. परदेशातल्या रस्त्यावरनं माल घेऊन नुसतं चालवत जायचं, असा तो गेम. मारामारी न्हाई, रेस न्हाई. पोरं त्याला झोपेची गोळी म्हणायची. सलीमभाई लाल सिग्नलला थांबायचे आणि हिरवा होईपर्यंत कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवायचे. मी म्हणलं, भाई, दिवसभर तेच करता, परत इथं कावून? तर म्हणले, "ताई, इथं खड्डा न्हाई. आणि मागं हंडा घेऊन कुणी पळत न्हाई."

दुसरे मारुतीआबा. शेळ्यावाले. एका गेममधी डोंगरावर शेळ्या राखायच्या असतात, बास, बाकी काही न्हाई. आबा कधी खुर्चीवर बसले न्हाईत. काठी टेकून मागं उभे राहायचे आणि मला सांगायचे, हिला आत घे, तिला बाहेर काढ. एकदा म्हणले, ती तांबडी शेळी बाजूला घे, तिला ताप हाय. मी म्हणलं आबा, गेम हाय तो. थोड्या वेळानं तांबडी शेळी पडली. आबा मग दोन दिवस आले न्हाईत.

आणि मग पाणीवाला गेम.

थांबा, हा नीट सांगते, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर हाय. हा गेम कुणी बनवला ठाऊक न्हाई, भाषा कुठली तेही न्हाई. शंभर गेम एकत्र उतरवून घेतले त्यात खाली कुठंतरी होता. चित्रं साधी. गाणं न्हाई, नुसता रहाटाचा आवाज. एक विहीर, बारा घरं. काही विहिरीजवळ, काही लांब. चाळीस दिवस काढायचे. रोज विहिरीतनं पाणी निघतं आणि कुणाला किती द्यायचं ते तुमी ठरवायचं. एखाद्या घराला सलग तीन दिवस पाणी न्हाई मिळालं की त्या घराला कुलूप लागतं आणि माणसं निघून जातात.

एवढ्यावर कुणालाही वाटतं, सोपं हाय. लांबची चार घरं गेली तर गेली, तेवढी तोंडं कमी. पोरं असंच खेळायची आणि दहा-बारा दिवसांत हरायची, आणि म्हणायची गेम खराब हाय. गेम खराब न्हाई. त्यात एक गोष्ट हाय जी तो सांगत न्हाई: दोर ओढायला माणसं लागतात, आणि ती ह्या बारा घरांतनंच येतात. घरं गेली की ओढणारे गेले. मग विहिरीत पाणी असतं आणि वर येत न्हाई. विहिरीजवळच्या घरांतली माणसं दोराला हातच लावत न्हाईत, हे कळायला मला दीड महिना लागला. चाळिसावा दिवस मी एकदाच बघितला. लई भारी गेम हाय. इतका भारी गेम आणि त्याला खेळणारी मी एकटी, ह्याचं मला जे वाटायचं ते घरात कुणाला सांगता यायचं न्हाई.

घर म्हणजे मी आणि आई. ओढ्यापलीकडं, विहाराच्या मागच्या वस्तीवर. सोसायटीचा टँकर आधी ऑफिसच्या टाकीत, मग तात्यांच्या आणि इतर संचालकांच्या गल्लीत, मग पारापाशी, आणि उरलं तर ओढ्यापलीकडं. उरायचं न्हाई असं न्हाई. दोन दिवसाआड उरायचं. आमच्या शेजारची दोन घरं यंदाच्या उन्हाळ्यात कुलूप लावून पुण्याकडं गेली. मी रोज सकाळी त्या दोन कुलपांवरनं चालत जायचे आणि ऑफिसात येऊन गेममधल्या कुलपांचा विचार करायचे. दोन्हीचा संबंध माझ्या डोक्यात आला न्हाई. हुशार मुलगी म्हणून माझी गावात ख्याती हाय.

पावसाळा पण कोरडाच चालला, आणि वार्षिक सभा जवळ आली. तात्यांनी विषयपत्रिकेत विषय घातला: संगणक कक्षातील खेळ बंद करणे. त्यांचा नातू दुसऱ्या मशीनवरनं उठत न्हाई, हे त्याचं कारण होतं, पण लिहिताना संस्थेच्या हिताचा विचार करता असं लिहिलं. मी बप्पांकडं गेले. म्हणलं बप्पा, पहिले दोन बंद करा, माझी हरकत न्हाई, पण तिसरं राहू द्या, त्याच्यावर चांगले गेम हायेत.

"त्याच्यावर तर कुनी बसतच न्हाई," बप्पा म्हणले.

म्हणलं, म्हणून तर.

बप्पांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "सभेपस्तोर दहा माणसं बसीव त्या पान्याच्या गेमवर. दहा झाली तर तिसरं ऱ्हाईल. नऊ झाली तर न्हाई."

पोरं नकोत, मोठी माणसं पाहिजेत, तीही सभासद न्हाईतर नोकरदार, ही अट त्यांनी मागनं घातली. मी गावभर फिरले. बियाणं खपवायला पण मी कधी एवढी फिरले न्हाई. सलीमभाई बसले, नवव्या दिवशी हरले आणि म्हणले ह्यात टँकर पाहिजे होता. आबांनी उभ्यानंच खेळ सांगितला, मी त्यांना यादीत धरलं. आमचे सचिव बसले. त्यांनी पहिल्या दिवशी सगळं पाणी एकाच घराला दिलं. म्हणलं सर हे काय, तर म्हणले, मला ते ऑफिस वाटलं. तेव्हापासनं त्या घराचं नाव ऑफिसच पडलं. शाळेतले दोन गुरुजी, अंगणवाडीच्या बाई, असं करत आठ झाले.

नववी आई. बाबा गेल्यापासून आमचं दीड एकर तिच्या नावावर हाय, म्हणून ती सभासद. माझ्या नोकरीचा प्रश्न हाय असं खोटं सांगून तिला आणलं. तिनं माऊस हातात धरला तो चपातीचा गोळा धरावा तसा. स्क्रीनकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "दोर कोन ओढायलंय?"

हे ह्याआधी कुणी विचारलं नव्हतं. मी पण न्हाई. मला दीड महिना लागला हे वर सांगितलंय.

मग तिनं जे ओढतात त्यांना आधी दिलं, लांबून सुरू केलं, आणि विहिरीजवळच्या घरांना उरलेलं. मी काहीच सांगितलं न्हाई, नुसती बघत बसले. तेविसाव्या दिवसापर्यंत एकही कुलूप न्हाई. मग लाईट गेली. त्या दिवशी इन्व्हर्टर पण बसलेला. माझा जीव गेला. आई म्हणली बरं झालं, सैपाक राहिलाय.

दहावा मिळंना. सभेचा दिवस उजाडला.

आता वार्षिक सभेचं एक सांगते. सभा भरायला ठराविक सभासद हजर लागतात. तेवढे झाले की कोरम झाला म्हणतात. आमच्याकडं कोरम कधी झालेला न्हाई. मग नियमात एक सोय हाय: सभा अर्धा तास तहकूब करायची, आणि अर्ध्या तासानं त्याच जागी परत भरवायची, तिला कोरम लागत न्हाई. त्यामुळं दरवर्षी बारा संचालक जमतात, बप्पा सभा तहकूब करतात, अर्धा तास चहा होतो, मग तेच बाराजण सगळे ठराव एकमतानं पास करतात. कोरम भरणं म्हणजे आमच्याकडं अपशकुन.

यंदा चहा नव्हता. पाणीटंचाईमुळं चहापान रद्द, असं सचिवांनी नोटीसमधीच छापलं होतं. बप्पांनी अकराला सभा तहकूब केली आणि अर्धा तास करायचं काय हे कुणालाच कळंना. संचालक नुसते पंख्याकडं बघत बसले. बप्पा उठले आणि माझ्या खोलीत आले.

"किती झाले?"

"नऊ."

बप्पांनी घड्याळात बघितलं, धोतर आवरलं आणि तिसऱ्या मशीनसमोर बसले. तुमीच दहावे खेळाडू, असं मला म्हणायचं होतं पण मी गप्प बसले, न्हाईतर उठले असते.

बप्पा पहिल्यांदा आठव्या दिवशी हरले. म्हणले परत लाव. दुसऱ्यांदा सातव्या. टोपी काढून ठेवली. परत लाव. तेवढ्यात सलीमभाई टँकर घेऊन आले. प्रत्येक खेपेची वही असते, तिच्यावर चेअरमनची सही झाल्याशिवाय टँकर रिकामा करायचा न्हाई असा तात्यांनीच केलेला नियम. सलीमभाई वही घेऊन आत आले, बप्पांना म्हणले सही, बप्पा म्हणले थांब. सलीमभाई थांबले. नुसते थांबले न्हाईत, ते सांगायला लागले, बप्पा तिकडं द्या, बप्पा हे घर गेलं. अर्धा तास झाला, सचिव येऊन गेले. पाऊण तास झाला, तात्या येऊन गेले.

बाहेर टँकर भरलेला उभा. पाणी का सोडंना म्हणून आधी गल्लीतली माणसं आली. मग पारावरची. त्या दिवशी नेमका ओढ्यापलीकडचा नंबर होता, त्यामुळं वस्तीवरच्या बाया वाट बघून बघून हंडे घेऊन थेट ऑफिसवरच आल्या. टँकर उभा, ड्रायव्हर आत, चेअरमन आत. सगळी खिडकीत. खोलीत उजेड कमी झाला तेव्हा मी मागं बघितलं तर खिडकीला डोकीच डोकी आणि मधून मधून रिकामे हंडे.

बप्पांना ह्यातलं काही ठाऊक न्हाई. ते अकराव्या दिवसावर होते. विहिरीजवळच्या तीन घरांना भरभरून देत होते. खालच्या बाजूच्या दोन घरांना कुलूप लागलं होतं आणि रहाटाचा आवाज मंद व्हायला लागला होता.

खिडकीतनं आईचा आवाज आला.

"बप्पा, त्या खालच्या घराला द्या की. ते बी गेलं तर दोर कोन ओढल?"

बप्पांनी वळून बघितलं. खिडकी बघितली. हंडे बघितले.

"तू खेळलीस का हे?"

"खेळले की."

"कितव्या दिसापस्तोर?"

"तेवीस."

बप्पा परत स्क्रीनकडं वळले. एवढ्या माणसांत फक्त रहाटाचा आवाज, तोही एक-दोन वेळा वाजला आणि थांबला. बप्पा तिसऱ्यांदा हरले.

मागनं सचिव हळूच म्हणले, "बप्पा, घोटाळा झालाय. कोरम झाला."

आधीच तहकूब केलेल्या सभेला चुकून कोरम झाला तर काय करायचं, हे त्यांना पोटनियमांच्या पुस्तकात सापडंना. शेवटी सगळ्यांनाच आत बोलावलं. सभासद असलेल्यांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. हजेरीच्या वहीत पानं कमी पडली, म्हणून मी प्रिंटरमधले कोरे कागद लावले. वस्तीवरच्या सभासदांनी सोसायटीची सभा आतनं पहिल्यांदाच बघितली. हंडे मांडीपाशी ठेवून बसल्या बाया.

बप्पा म्हणले, टँकर उभा हाय, आधी त्याचं बघू. आजपासनं टँकर खालून सुरू करायचा. आधी ओढ्यापलीकडं, मग पार, मग गल्ली, शेवटी ऑफिसची टाकी.

तात्या उठले. म्हणले, हे विषयपत्रिकेवर न्हाई. सचिव म्हणले, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचा विषय घेता येतो. तात्या म्हणले, पण शेवटाला घेतात. मग ते खरं बोलले: "बप्पा, गेममधी हरलात म्हणून आमचं पाणी तोडता का?"

"तात्या, तुमच्याकडं बोअर हाय, माझ्याकडं बी हाय. आपन काय कुलूप लावून जात न्हाई," बप्पा म्हणले. "दोन घरं गेलीत. बाकीची गेल्यावर तुमच्या रानात खुरपायला कोन येनार हाय, मी?"

ठराव पास झाला. तात्यांनी हात वर केला न्हाई, पण खाली पण ठेवला न्हाई, मधीच धरला. सचिवांनी एकमतानं असं लिहिलं.

मग विषयपत्रिकेवरचा विषय आला. संगणक कक्षातील खेळ बंद करणे. मी निवांत होते. दहा झाले होते, कोरम माझ्यामुळं झाला होता, वस्ती माझी होती. बप्पांनी विचारलं, बंद करायच्या बाजूनं कोण?

ज्यांची ज्यांची पोरं पहिल्या दोन मशीनवरनं उठत न्हाईत त्या सगळ्या आयांनी हात वर केले. तात्यांना पण एवढ्या हातांची अपेक्षा नव्हती. तिसऱ्या मशीनचं वेगळं काढा असं कुणाला सुचलं न्हाई, आणि मी कर्मचारी, मला सभेत बोलता येत न्हाई. वर गेलेल्या हातांत माझ्या आईचा पण होता. बारा संचालकच असते तर बप्पांनी माझ्यासाठी ते सांभाळून घेतलं असतं. सहा वर्षांत पहिल्यांदा लोकशाही झाली आणि तिनं माझं सेंटर बंद केलं.

वस्तीवर टँकर आला होता. घरी गेले तेव्हा आई रांजण भरत होती. मी म्हणलं, तू पण? तिनं हंडा खाली ठेवला.

"पानी आलं की गं आता. गेम कशाला पाहिजे?"

ह्याच्यावर मी बराच विचार केला. उत्तर सापडलं की कळवीन असं तिला सांगितलंय.

पहिल्या दोन मशीनवरचे गेम मी काढून टाकले, तिसऱ्यावरचे ट्रक आणि शेळ्या पण. सलीमभाई अधूनमधून येतात आणि बंद स्क्रीनकडं बघून जातात. तो परदेशातला रस्ता त्यांना परत दाखवता येत न्हाई ह्याचं मला वाईट वाटतं. मारुतीआबा म्हणले शेळ्या कुणाला दिल्यास? मी म्हणलं चांगल्या माणसाला दिल्या. तिसऱ्या मशीनवरचं एक मात्र राहिलं. मशीन रोज चालवत ठेवायची हा बप्पांचा तोंडी आदेश कुठल्याच ठरावानं रद्द झालेला न्हाई, आणि रोज दुपारी स्वतः बप्पाच ती चालवून बघायला येतात. दार लोटून घेतात. मी खताच्या नोंदी करते, ते माझ्याकडं बघत न्हाईत, मी त्यांच्याकडं बघत न्हाई. नुसता रहाट वाजतो.

गेल्या आठवड्यात त्यांनी चाळिसावा दिवस गाठला. शेवटाला पाऊस पडंल असं त्यांना वाटत असणार, मला पण वाटलं होतं. त्यात पाऊस पडत न्हाई. अंधार होतो आणि ज्या घरात माणसं हायेत त्या घरात एकेक दिवा लागतो, आणि गेम संपतो. बप्पांनी स्क्रीनवर बोट ठेवून दिवे मोजले.

"अकरा," म्हणले. "बारावं?"

म्हणलं, "ते चौथ्या दिवशी गेलं बप्पा. तुमी ऑफिसला आधी दिलं होतं."

बप्पांनी टोपी काढून बाजूला ठेवली.

"पहिल्यापासनं लाव."